निरोप पोचता राहिला पाहिजे



आम्ही दोघी जावा. सासर आमचं कराडजवळचं, आणि राहतो मात्र अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी या गावात. दर दोन वर्षांनी घरी येतो, तसं यंदाही आलोय. आमच्या नणंदबाई या केंद्रावर बोलायला येतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्या परवा म्हणाल्या, "वहिनी, घरात बसून तिकडच्या बँजोवाल्यांच्या गोष्टी सांगता, त्या एकदा माइकपुढे सांगा की." आधी आम्ही नकोच म्हणत होतो. मग सासूबाईंच्या भजनी मंडळाचा विषय निघाला आणि वाटलं, बोलावं. तो विषय शेवटी सांगू.

दोघी एकदम बोलणार नाही, घाबरू नका. सांगणं दोघींचं, आवाज थोरलीचा. धाकटी शेजारी बसून चुका काढते आहे.

थोरली तिकडे गेली २००६ साली, धाकटी २०१२ साली. धाकटीनं इकडे सात वर्षं शाळेत शिकवलं होतं, शाळेची प्रार्थना तीच सांगायची. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तेव्हा तिकडे नोकरी करता येत नसे. गाडी चालवता येत नव्हती, आणि तिकडे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. घरची माणसं कामावर गेली की खिडकीबाहेर पाइनची झाडं आणि घरात फ्रीजचा आवाज, एवढंच. त्या हिवाळ्यात तिचं गाणं बंद झालं. गाणाऱ्या बाईनं गाणं सोडलं की घरात कुणाला लगेच कळत नाही. भांडी विसळताना येणारा आवाज येईनासा होतो, एवढंच होतं. थोरलीच्या ते लक्षात यायला तीन महिने लागले. ही टोचणी तिला अजून आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये रॉली शहरात, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीत, ब्लूग्रास संगीताचा मोठा उत्सव पहिल्यांदा भरला. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा उत्सव तो. ही संघटना १९८५ साली केंटकी राज्यात सुरू झाली आणि तिचा वार्षिक मेळा २०१३ पासून रॉलीला होऊ लागला. फेएटव्हिल स्ट्रीट हा तिथला हमरस्ता. तो गाड्यांना बंद करून रस्त्यावरच मंच घातले होते. तिकीट नव्हतं, म्हणूनच आम्ही गेलो, खरं सांगायचं तर. मुलांना बाहेर काढायचं होतं.

मंचावरचे मोठे कलाकार आम्हाला आज आठवत नाहीत. आठवते ती एका दुकानाच्या पायरीशी गोल करून वाजवणारी सातआठ माणसं. एक पांढऱ्या केसांच्या बाई गिटार वाजवत गात होत्या. धाकटी तिथे उभी राहिली ती हलेचना. पाऊण तासानं बाईंनी गिटार खाली ठेवली, खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर पत्ता आणि वार लिहिला आणि धाकटीच्या हातात दिली. म्हणाल्या, "दर गुरुवारी. ऐकायला आलीस तरी चालेल. खुर्च्या भरपूर आहेत." त्यांना आम्ही पुढे आपसात आजी म्हणू लागलो, तेच नाव इथे ठेवतो.

आता हे ब्लूग्रास म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. केंटकी राज्यात एका जातीचं गवत होतं, त्याला निळं गवत म्हणतात, आणि त्यावरून त्या राज्यालाच निळ्या गवताचं राज्य म्हणतात. तिथल्या रोझीन गावचे बिल मन्रो, जन्म १९११ चा, मँडोलिन वाजवायचे. त्यांनी आपल्या वाद्यवृंदाला गावाकडच्या आठवणीनं ब्लू ग्रास बॉइज असं नाव दिलं. त्या नावावरून पुढे सगळ्या संगीतप्रकाराचंच नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. तो आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचा, शेल्बी गावाकडचा. तीन बोटांनी तो बँजो असा वाजवायचा की सूर पावसाच्या सरीसारखे सलग पडावेत. आज जगभर ब्लूग्रासचा बँजो वाजतो तो मुख्यतः त्याच्या पद्धतीनं. शेल्बीच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, आम्ही मुलांना घेऊन जाऊन आलोय.

बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, गिटार आणि उभा बास, अशी ही वाद्यं. बँजो मूळचा आफ्रिकेच्या माणसांचा. गुलाम म्हणून ज्यांना जहाजांतून आणलं त्यांच्या हातांतून आणि आठवणीतून हे वाद्य अमेरिकेत आलं. फिडल आलं ते स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून डोंगरांत वस्ती करायला आलेल्यांबरोबर. दोघं भेटले आणि सूर मिसळले. आमच्या घरापासून तासाभराच्या आत मेबेन गाव आहे. तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक होते, १९१८ साली जन्मलेले. ब्लूग्रासच्याही आधीचं जुनं वादन त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. ते ऐंशीच्या पुढे गेले तेव्हा रिअ‍ॅनन गिडन्स आणि तिचे दोन मित्र त्यांच्या घरी नेमानं जाऊन शिकू लागले. त्या तरुणांनी पुढे जगभर नाव कमावलं. ही मुलं त्यांच्या दारात गेली नसती तर थॉम्पसन यांची किती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती, हे आमच्या मनात नेहमी येतं.

गुरुवारची बैठक भरायची आमच्या घरापासून पाऊण तासावरच्या एका लहान गावात. पूर्वी तिथे किराणा दुकान होतं. लाकडी फळ्यांची जमीन, भिंतीला फळ्या, मध्ये गोल मांडलेल्या खुर्च्या. आपल्याकडे भजनाला मंडळी जमतात ना, हुबेहूब तसं. कुणी ट्रकचा ड्रायव्हर, कुणी दातांची डॉक्टर, कुणी तंबाखूची शेती करून थकलेले आजोबा. तिकीट नाही, मानधन नाही.

रीत अशी. ज्याची पाळी असेल त्यानं गाणं सुचवायचं आणि पट्टी सांगायची. त्यानं कडवं म्हणायचं, धुवपद सगळ्यांनी. मग त्यानं ज्याच्याकडे पाहून मान हलवली त्यानं आपल्या वाद्यावर चाल वाजवायची, मग पुढच्यानं. वाजवायचं नसेल तर नुसतं नकाराची मान हलवायची, कुणी काही म्हणत नाही. गाणं संपवायचं असेल तर पाय वर उचलायचा. तबला, ढोलकी, ड्रम काहीच नसतं. ठेका धरतो तो बास, आणि मधल्या मात्रेवर मँडोलिनचा 'टक्' असा दाबलेला आघात. म्हणजे एक जण पखवाज, दुसरा टाळ. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की दुसरा गात असताना आपलं वाद्य इतकं हळू वाजवायचं की त्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत. हा नियम आपल्या काही मंडळांत लावला तर बरं होईल, असं धाकटीचं म्हणणं आहे. माझंही आहे.

पाच गुरुवार आम्ही नुसत्या ऐकत बसलो. सहाव्या गुरुवारी पाळी फिरत फिरत आली आणि आजी धाकटीला म्हणाल्या, "आज तू." गाणं तिला पाठ झालं होतं. पण ही गाणी पुरुषांनी बसवलेली, पुरुषांच्या पट्टीतली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक गाणी पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात अशा पट्ट्यांत. धाकटीनं पांढरी पाचला सुरुवात केली, खालचे सूर घशातच राहिले, दुसऱ्या ओळीला ती थांबली आणि सॉरी म्हणून खाली बसली.

आजींनी विचारलं, "तुझी पट्टी कुठली?" तिनं हळूच गुणगुणून दाखवलं. ती निघाली काळी दोन. फिडलवाल्यानं तोंड वाकडं केलं, कारण त्या पट्टीत त्याच्या वाद्याच्या मोकळ्या तारा फारशा कामी येत नाहीत, बहुतेक सूर बोटं दाबून काढावे लागतात. आजी त्याला म्हणाल्या, "बोटं आहेत ना दहा? मग वाजव." गिटार आणि बँजोवाल्यांनी तारांवर आपापले चिमटे सरकवले. कॅपो म्हणतात त्याला, तो पट्टी बदलायलाच असतो. आणि धाकटी गायली. घरी येताना गाडीत ती रडत होती. थोरलीला वाटलं काही लागलं मनाला. ती म्हणाली, "ताई, अहो सात माणसांनी माझ्यासाठी पट्टी बदलली."

मैत्रिणींनो, ही गोष्ट लहान नाही. त्या संगीतात बायकांना जागा मिळायला फार वर्षं लागली. बिल मन्रोंच्या वृंदात १९४३ ते ४६ या काळात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर नावाच्या बाई होत्या, त्या अ‍ॅकॉर्डियन वाजवायच्या. म्हणजे वृंदाचं नाव 'बॉइज' आणि आत एक बाई. पुढे हेझल डिकेन्स झाल्या, वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातल्या, अकरा भावंडांतल्या एक. पोटासाठी बाल्टिमोर शहरात येऊन त्यांनी कारखान्यांत काम केलं. तिथे त्यांना अ‍ॅलिस जेरार्ड भेटल्या. १९६५ साली दोघींची तबकडी निघाली, आणि मुख्य गाणं बायकांनी म्हटलेलं ब्लूग्रास लोकांनी ऐकलं. अ‍ॅलिस जेरार्ड यांनी १९८७ साली जुन्या संगीतासाठी एक नियतकालिकही काढलं, 'ओल्ड टाइम हेरल्ड' नावाचं. डोंगरात विखुरलेल्या वादकांना एकमेकांची खबर कळावी हेही त्याचं काम. पुढे त्या आमच्या शेजारच्या डरहम शहरात राहायला आल्या. ब्लूग्रासच्या सन्मान्यांच्या यादीत दोघींचं नाव २०१७ साली लागलं. हेझलबाई २०११ मध्येच गेल्या होत्या.

त्या सॅली अ‍ॅन फॉरेस्टर आमच्या कामी आल्या, ते सांगायचं राहिलं. धाकटीची भीड चेपल्यावर थोरलीला हौस आली. तिनं आपली पेटी गाडीत घातली. एक गृहस्थ म्हणाले, हे काही ब्लूग्रासचं वाद्य नव्हे. तंबाखूवाले आजोबा बास वाजवायचे, एरवी महिन्यातून चार वाक्यं बोलायचे. ते म्हणाले, "मन्रोकडे भात्याचं वाद्य होतं. बाई वाजवायची. त्यांना बसू दे." संपलं. पेटी बसली.

पण आमची फजितीही सांगते. एकदा आम्हाला आपलं गाणं म्हणायचा आग्रह झाला. आम्ही उत्साहात रूपक तालातला अभंग काढला. सात मात्रा! चार मिनिटांत बास एकीकडे, बँजो दुसरीकडे. दातांची डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून खाली आली. पुढच्या वेळी साधा भजनी ठेका घेतला, आठ मात्रांचा, आणि तीन ओळींत सगळे बरोबर आले. चारचौघांत काय म्हणायचं हे आपल्याला काय येतं यावर ठरत नाही, सगळ्यांना काय धरता येईल यावर ठरतं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बैठक गुरुवारची, पण ती टिकायची आजींच्या वहीवर. निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली साधी वही. प्रत्येकाचं नाव, घरचा फोन, मुलीचा किंवा मुलाचा फोन, वाढदिवस, कोण रात्री गाडी चालवत नाही, कुणाला कोण घेऊन येणार, सगळं त्यात. दोन गुरुवार कुणी आलं नाही की शुक्रवारी सकाळी आजींचा फोन जायचा. "बरा आहेस ना? गुरुवारी बास नव्हता, गाणी तरंगत होती." एवढंच. कुणी आजारी असेल तर पाळीनं डबा जायचा. आम्ही दोघींनी कितीतरी वेळा मुगाची खिचडी पोचवली आहे, आणि ती त्यांना आवडते, फक्त मिरची घालायची नाही.

संपर्काचा दुसरा धागा रेडिओ. आमच्याकडून सव्वादोन तासांवर डोंगराच्या पायथ्याला माउंट एअरी गाव आहे. तिथे राल्फ एपरसन यांनी १९४८ साली डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ केंद्र सुरू केलं. आसपासच्या गावांतल्या वादकांना त्यांनी माइकपुढे बसवलं. शेतातून आलेली माणसं तिथे थेट वाजवायची. तो शनिवारचा कार्यक्रम आजही गावातल्या जुन्या चित्रपटगृहातून होतो. आजी आम्हाला एकदा तिथे घेऊन गेल्या. समोर बसलेल्यांत निम्म्या माणसांना त्या नावानं ओळखत होत्या. त्यांच्या तरुणपणी फोन महाग होता, पण रेडिओवर अमक्याची फिडल ऐकू आली की कळायचं, तो बरा झालाय. आज या केंद्रात बसून बोलताना आम्हाला तेच आठवतंय. आपलं केंद्र लहान आहे असं म्हणू नका.

मग २०२० साल आलं. बैठकीतले निम्म्याहून अधिक लोक सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे मार्चमध्ये दुकानाला कुलूप लागलं. तरुणांनी व्हिडिओवर जमवायचा प्रयत्न केला. पण आवाज एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला जो क्षणभर उशीर होतो ना, तेवढ्यानं सगळा ताल फिसकटतो. शेवटी तोडगा निघाला. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी आपला माइक बंद करून घरात त्याच्याबरोबर वाजवायचं. म्हणजे प्रत्येकाला फक्त दोन आवाज ऐकू येणार, त्याचा आणि आपला. मधली सगळी माणसं मुकी. तरी आम्ही बसायचो. गाणं झाल्यावर माइक उघडून एकदम सगळे बोलायचे, त्यासाठी बसायचो.

ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांना आजी फोन करायच्या. फोन टेबलावर ठेवून एक गाणं म्हणायच्या. एकट्या आजोबांसाठी एक गाणं.

२०२२ मध्ये बैठक पुन्हा सुरू झाली. २०२३ मध्ये आजींचे गुडघे गेले आणि त्या डोंगराकडे, अ‍ॅशव्हिल शहराच्या पलीकडे, लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी वही आमच्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्ही दोघी आहात, एक विसरली तर दुसरीला आठवेल."

आता जे सांगायचंय ते सांगायला जड जातं. आम्ही काय केलं, तर वहीतले नंबर मोबाइलवर चढवले, एक ग्रुप केला आणि वही कपाटात ठेवली. आम्हाला वाटलं, किती सोपं झालं. बैठकीची वेळ बदलली, टाक ग्रुपवर. कुणाचा वाढदिवस, टाक फूल. बासवाल्या आजोबांकडे मोबाइल नव्हता. भिंतीवरचा फोन होता, वहीत नंबर होता. फेब्रुवारी महिन्यात थंडीमुळे जागा बदलली, ते ग्रुपवर टाकलं. आजोबांना कुणीच कळवलं नाही. त्यांना घेऊन येणारा ट्रक ड्रायव्हर तेव्हा महिनाभर लांबच्या फेरीवर होता. आजोबा एका गुरुवारी कसेबसे दुकानापर्यंत आले असणार, कुलूप पाहून परत गेले असणार, असं त्यांच्या शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून वाटतं. मार्चमध्ये कुणीतरी म्हणालं, बास बरेच दिवस नाही. घरी गेलो तर पुतण्या सामान आवरत होता. आजोबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. प्रार्थना झाली, दफन झालं, आमच्यातलं कुणी नव्हतं. ज्या माणसानं आमच्या पेटीला जागा दिली, त्याच्या शेवटच्या दिवशी एक गाणं म्हणायला आम्ही नव्हतो.

पुतण्या वाईट बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला कळवायचं होतं, पण कुणाला फोन करायचा ते मला माहीत नव्हतं." वही आमच्या कपाटात होती, मैत्रिणींनो.

त्या रात्री आम्ही वही बाहेर काढली. ग्रुप बंद केला नाही, तो राहू दिला. पण प्रत्येक नावापुढे लिहिलं, याला निरोप कसा पोचतो. मोबाइलवर, भिंतीवरच्या फोनवर, की शेजारणीकडून. आणि प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला. माझा निरोप तुला, तुझा तिला. आणि आमचे दोघींचे नंबर कागदावर ठळक लिहून प्रत्येकाला फ्रीजवर लावायला दिले. घरच्यांनाही कळलं पाहिजे की यांची गाणारी माणसं कोण.

त्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०२४ ला, हेलीन वादळाचा पाऊस आमच्या राज्याच्या पश्चिम डोंगरावर कोसळला. रॉलीत ब्लूग्रासचा उत्सव चालू होता त्याच आठवड्यात. नद्या गावांत शिरल्या, रस्ते वाहून गेले, राज्यात शंभराहून अधिक माणसं दगावली. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. आजी तिकडेच लेकीकडे. पहिल्या दिवसापासून आम्ही वहीतल्या लेकीच्या नंबरवर फोन लावत होतो. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. काही नाही. त्या भागातली माणसं गाडीत बसून रेडिओ ऐकत होती, पाणी कुठे मिळेल, कुठला रस्ता खुला आहे. अ‍ॅशव्हिलचं ब्लू रिज पब्लिक रेडिओ केंद्र त्या दिवसांत सगळ्यांचा आधार झालं होतं. इंटरनेट नाही, फोन नाही, पण रेडिओ होता.

मग धाकटीनं वही पुन्हा उघडली. आजींच्या पानावर त्यांच्याच अक्षरात तळाशी एक तिसरा नंबर होता. समोर लिहिलेलं, 'डोंगरापलीकडची मावसबहीण, टेनेसी'. त्या बाईंना फोन लागला. त्यांनाही काही कळलं नव्हतं, पण त्यांचा मुलगा पाणी आणि जनरेटर घेऊन पलीकडून निघाला होता. आम्ही पत्ता नीट समजावून सांगितला. सहाव्या दिवशी रात्री आमचा फोन वाजला. आजीच. आवाज अगदी बारीक. म्हणाल्या, "घर आहे. लेक आहे. गिटार तळघरात होती, ती गेली." आणि मग विचारलं, "गुरुवारी कोणकोण आलं होतं?" आम्ही नावं वाचून दाखवली. एकेका नावाला त्या "बरं, बरं" म्हणत होत्या.

बैठकीनं पैसे जमवून एक जुनी गिटार घेतली आणि डिसेंबरात रस्ता सुरू झाल्यावर आम्ही सहा जण ती घेऊन गेलो. नदीकाठी झाडांच्या फांद्यांत अजून कपडे आणि पत्रे अडकलेले होते. आजींनी गिटार जुळवली, धाकटीकडे पाहून म्हणाल्या, "काळी दोन ना?" आपल्या भाषेत नव्हे, त्यांच्या भाषेत, पण तेच.

रॉलीचा तो उत्सव २०२४ नंतर दुसऱ्या राज्यात, चॅटनूगा शहरी गेला. पुष्कळांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण गुरुवार चालू आहे. मोठा उत्सव गेला तरी चालतं, शुक्रवारचा फोन राहिला पाहिजे.

आता सासूबाईंचं मंडळ. चौदा बायकांचं भजनी मंडळ, दर एकादशीला बसायचं. करोनात बंद पडलं ते पुन्हा बसलंच नाही. आम्ही विचारलं, का? त्या म्हणाल्या, "कोण राहिलंय आता? एक पुण्याला मुलाकडे गेली, एकीचा डोळा गेला, एकीची सून पाठवत नाही." आम्ही विचारलं, पुण्याच्या काकूंचा नंबर? नव्हता. डोळा गेलेल्या मावशी तर दोन गल्ल्या सोडून राहतात, तरी दीड वर्षात भेट नाही.

आम्ही वाण्याकडून दोनशे पानी वही आणली. सासूबाई बोलल्या आणि आम्ही लिहिलं. चौदातल्या तिघी गेल्या. अकरा आहेत. अकरांपैकी सात जणींचे नंबर मिळाले, चौघींचे शोधतोय. काल संध्याकाळी दोन गल्ल्या सोडून गेलो. मावशींनी हात चाचपून सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "पट्टी कुठली घेता गं आता? माझा आवाज उतरलाय." सासूबाई म्हणाल्या, "तुझी असेल ती घेऊ."

तेव्हा मैत्रिणींनो, आज ऐकून झाल्यावर एक काम करा. तुमच्या मंडळातली, बचत गटातली, जात्यावर तुमच्या बरोबर ओव्या म्हणणारी जी कुणी बरेच दिवस दिसली नाही, तिच्या घरी जा. नाही जमलं तर फोन करा. काय बोलू असा विचार करू नका. "तू नव्हतीस, सूर लागला नाही" एवढं पुरतं. आणि तिच्या घरच्यांकडे तुमचा नंबर ठेवून या, कागदावर लिहून.

पुण्याच्या काकू, तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी हे ऐकत असेल, तर येत्या एकादशीला आपल्या विठ्ठल मंदिरात चार वाजता मंडळ बसणार आहे. पेटी थोरली वाजवेल. खुर्च्या भरपूर आहेत.

नमस्कार.